जागीही थांबतो, दूरही जातो
हवेत स्थिर राहणाऱ्या आणि वेगाने उडणाऱ्या कॅमेरावाहू ड्रोनचे विज्ञान

शेतांवर आणि माळरानांवर कापशी घार नेहमी दिसते. आकाराने कावळ्याएवढी, रंगाने पांढुरकी, खांद्यावर काळा डाग आणि लालभडक डोळे. ही घार उडता उडता हवेत एका जागी थांबते, पंख जोरजोरात फडफडवते आणि खालच्या गवतात उंदराची हालचाल टिपते. काही क्षण असे थांबून झाले की पंख पसरून ती पुढच्या शेतावर जाते. तिथे पुन्हा तोच प्रकार. थांबलेली असताना तिची केवढी धडपड चाललेली असते आणि पुढे जाताना ती किती आरामात जाते, हे नीट पाहिले तर या लेखाचा अर्धा विषय समजलाच म्हणायचा.

लग्नसमारंभात डोक्यावर घोंघावणारा चार पंख्यांचा ड्रोन आता विद्यार्थ्यांच्याही ओळखीचा झाला आहे. तो अंगणातून सरळ वर जातो, हवेत हवा तिथे थांबतो आणि पुन्हा अंगणातच उतरतो. पण त्याची बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास संपते. याउलट पंख असलेले छोटे विमान तेवढ्याच बॅटरीवर कितीतरी दूर जाते. मात्र ते थांबू शकत नाही, शिवाय उतरायला त्याला मोकळी, सपाट जागा लागते. दोन्ही गुण एकाच यंत्रात आणता आले तर? गेल्या काही वर्षांत असे संकरित ड्रोन तयार झाले आहेत. ते कसे चालतात आणि ते बनवणे अवघड का गेले, ते पाहू या.

हवा खाली ढकलण्याचे दोन मार्ग

हवेत राहायचे असेल तर हवेला खाली ढकलले पाहिजे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार हवा आपल्याला वर ढकलते. हेलिकॉप्टर, विमान, ड्रोन आणि घार या सर्वांना हे सारखेच लागू आहे. फरक आहे तो किती हवा आणि किती वेगाने खाली ढकलली जाते यात.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या ड्रोनचे वस्तुमान २ किलोग्रॅम आहे. म्हणजे त्याचे वजन सुमारे २० न्यूटन. त्याला १२ इंच व्यासाचे चार पंखे आहेत. या चार पंख्यांनी व्यापलेले एकूण क्षेत्रफळ सुमारे ०.२९ चौरस मीटर होते. एका जागी स्थिर राहण्यासाठी दर सेकंदाला खाली ढकललेल्या हवेचा संवेग २० एकक असला पाहिजे. हिशेब केला तर दर सेकंदाला सुमारे १.९ किलो हवा सेकंदाला १०.७ मीटर वेगाने खाली फेकावी लागते, असे दिसते. दोन्हींचा गुणाकार करून पाहावा.

आता तेवढ्याच वजनाचे एक छोटे विमान घेऊ. त्याच्या पंखांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी सव्वा मीटर आणि वेग सेकंदाला १६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५८ कि.मी. विमान पुढे जाताना पंखाच्या लांबीइतक्या व्यासाच्या नळकांड्यातील हवेला खाली वळवते, असे सोयीसाठी मानता येते. या नळकांड्यात दर सेकंदाला सुमारे २४ किलो हवा येते. मग तिला खाली किती वेग द्यावा लागेल? सेकंदाला जेमतेम ०.८५ मीटर. संवेग पुन्हा २० एककच.

संवेग सारखा, वजनही सारखेच पेलले. मग बिघडले कुठे? ऊर्जेच्या हिशेबात. संवेग वेगाच्या पटीत वाढतो, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. थोडी हवा जोराने फेकणाऱ्या पहिल्या यंत्राला त्यासाठी सेकंदाला सुमारे १०७ जूल, म्हणजे १०७ वॅट लागतात. पुष्कळ हवा हळूच ढकलणाऱ्या दुसऱ्या यंत्राला केवळ वजन पेलण्यासाठी ८-९ वॅट पुरतात.

अर्थात विमानाला हवेचे घर्षण आणि इतर रोधही सोसावा लागतो. चांगल्या घडणीच्या छोट्या विमानाचा एकूण रोध त्याच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका धरला, तर तो २ न्यूटन होतो. तो सेकंदाला १६ मीटर वेगाने रेटायचा म्हणजे ३२ वॅट. मोटर आणि पंखा मिळून विजेपैकी ६० टक्के उपयोगात आणतात असे मानले, तर प्रत्यक्षात जागी थांबणाऱ्या ड्रोनला सुमारे १८० वॅट आणि उडत्या विमानाला सुमारे ५३ वॅट लागतील. बॅटरीतून ८० वॅट-तास ऊर्जा मिळत असेल, तर पहिला २७ मिनिटे टिकेल. दुसरे दीड तास टिकेल आणि तेवढ्यात ८६ कि.मी. अंतर कापेल. कापशी घार थोडाच वेळ फडफडत थांबते आणि पुढे जाताना पंख पसरते, त्यामागे हाच हिशेब आहे.

येथे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात. पंखे मोठे केले तर? बरोबर आहे, पंखा जितका मोठा तितकी जास्त हवा हळू ढकलता येते. हेलिकॉप्टरचे पाते लांबलचक असते ते म्हणूनच. पण मोठा पंखा जड असतो, त्याचा वेग चटकन कमीजास्त करता येत नाही. आणि चार पंख्यांच्या ड्रोनचा तोल तर पंख्यांचे वेग क्षणोक्षणी बदलूनच सांभाळला जातो.

एका जुन्या गैरसमजाविषयी

पंखाला उचल कशी मिळते हे सांगताना अनेक पुस्तकांत एक स्पष्टीकरण आढळते: पंखाची वरची बाजू फुगीर असल्याने वरून जाणाऱ्या हवेला जास्त अंतर कापावे लागते, खालच्या हवेला मागच्या कडेपाशी गाठायचे म्हणून ती वेगाने जाते आणि म्हणून तिथला दाब कमी होतो. यातला दाब कमी होण्याचा भाग खरा आहे. पण वरच्या आणि खालच्या हवेने एकाच वेळी मागच्या कडेला पोहोचले पाहिजे, असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. प्रयोगांत तर वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पुढे निघून गेलेली दिसते. सपाट पुठ्ठ्याचा पंखही थोडा तिरका धरला की उचल देतोच. पंख हवेला खाली वळवतो आणि त्याची प्रतिक्रिया पंखाला वर उचलते, असे सांगितले तर ते खरेही ठरते आणि वरच्या हिशेबाशीही जुळते.

तीन वाटा

जागी थांबणे आणि वेगाने जाणे हे दोन्ही साधायचे, तर अभियंत्यांपुढे मुख्यतः तीन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे सगळे यंत्रच वळवायचे. विमान शेपटीवर उभे करायचे. पंख्यांचे तोंड आकाशाकडे असल्याने ते सरळ वर जाते. पुरेशी उंची गाठली की अख्खे यंत्र आडवे होते आणि तेच पंखे आता त्याला पुढे ओढतात. उतरताना उलट क्रम. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेच्या नौदलासाठी कॉन्व्हेअर कंपनीने 'पोगो' नावाचे असे विमान बनवले होते. १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये वैमानिक जेम्स कोलमन यांनी ते उभे उडवून, हवेत आडवे करून, पुन्हा शेपटीवर उतरवून दाखवले. तरीही ही योजना पुढे गेली नाही. उतरताना वैमानिक जवळजवळ पाठीवर पडलेला असे आणि खांद्यावरून मागे वळून जमिनीचा अंदाज घेत यंत्र हळूहळू खाली आणावे लागे. निष्णात वैमानिकालाही हे कठीण, मग हलत्या जहाजावर सामान्य वैमानिकाने ते कसे करावे?

ड्रोनमध्ये माणूस बसत नाही. त्यामुळे मान मोडण्याचा हा प्रश्नच उरला नाही आणि बाजूला पडलेली कल्पना सुमारे साठ वर्षांनी परत आली. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील तंत्रविद्यापीठातून पुढे आलेल्या विंग्ट्रा कंपनीचा सर्वेक्षणाचा ड्रोन अशाच प्रकारचा आहे. अमेरिकेतील एक्सक्राफ्ट या छोट्या कंपनीने २०१४ मध्ये 'एक्स प्लसवन' नावाचा कॅमेरावाहू ड्रोन लोकांपुढे आणला. चार पंख्यांच्या ड्रोनला पंख जोडलेला हा नमुना जागी थांबत असे आणि आडवा झाल्यावर ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ कि.मी. वेग गाठतो, असा कंपनीचा दावा होता.

दुसरी वाट म्हणजे यंत्र तसेच ठेवून फक्त पंखे वळवायचे. 'व्ही-२२ ऑस्प्रे' हे अमेरिकी सैन्याचे विमान याचे मोठे उदाहरण. त्याचे पहिले उड्डाण १९८९ मध्ये झाले आणि ते सेवेत दाखल झाले २००७ मध्ये. मधली अठरा वर्षे आणि या काळातले प्राणघातक अपघात यांवरून काम किती बिकट होते याची कल्पना येते. पंखे फिरवणाऱ्या बिजागऱ्या आणि यंत्रणा जड असतात, आणि नादुरुस्त होऊ शकणारे भाग वाढतात.

तिसरी वाट सर्वांत सरळ. वर उचलायला चार पंखे आणि पुढे ढकलायला एक वेगळा पंखा. वर गेल्यावर मागचा पंखा सुरू होतो, वेग आला की चार पंखे थांबतात. काहीही वळवायचे नसल्याने बांधणी सोपी होते. तोटा एवढाच की उड्डाणाच्या बहुतेक वेळात चार मोटरी नुसतेच ओझे म्हणून वाहाव्या लागतात आणि थांबलेली पाती हवेला अडवत राहतात. गूगलच्या 'प्रोजेक्ट विंग'ने २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये सामान पोहोचवण्याच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा यंत्र शेपटीवर उभे राहणारे होते. पुढे तो आराखडा सोडून त्यांनी वेगळ्या उचल-पंख्यांची वाट धरली.

आपल्याकडचे उदाहरणही याच वाटेवरचे आहे. मुंबईच्या आयआयटीतील माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या आयडियाफोर्ज या कंपनीचा 'स्विच' हा ड्रोन सरळ वर उठतो आणि मग पंखांवर उडतो. २०२१ च्या जानेवारीत भारतीय सैन्याने त्याच्या खरेदीचा करार केला. डोंगराळ सीमेवर धावपट्टी कुठून आणायची, हा प्रश्न असतोच. शिवाय साडेचार हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्केच असते, त्यामुळे जागी थांबायला सुमारे एक चतुर्थांश जास्त शक्ती लागते. पंखांवर उडतानाही वेग आणि शक्ती त्याच प्रमाणात वाढवावी लागते. पण मुळातला आकडाच लहान असल्याने हा बोजा परवडतो.

मधले काही क्षण

संकरित ड्रोनचा खरा कस लागतो तो उभ्या स्थितीतून आडव्या उड्डाणात जाताना. पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आपल्या उदाहरणातील विमानाला पूर्ण वजन पेलण्यासाठी निदान सेकंदाला ११ मीटर वेग लागतो असे समजा. मग सेकंदाला साडेपाच मीटर वेग असताना पंख किती वजन पेलेल? अर्धे नव्हे, फक्त एक चतुर्थांश. उरलेले तीन चतुर्थांश पंख्यांनीच पेलायचे आणि त्याच वेळी यंत्राला पुढेही रेटायचे. घाईने यंत्र आडवे केले तर वेग पुरेसा नसल्याने ते खाली येते. उचल वाढावी म्हणून पंख जास्त तिरका केला तर त्याच्या वरच्या पृष्ठभागावरून हवा सुटते आणि उचल एकदम घटते. म्हणून हा बदल पुरेशी उंची हाताशी ठेवून केला जातो.

हे काम माणसाच्या हाताने होण्यासारखे नाही. ड्रोनमधील छोटा संगणक सेकंदाला शेकडो वेळा यंत्राचा कल मोजतो आणि प्रत्येक मोटरचा वेग दुरुस्त करतो. कल आणि प्रवेग मोजणारे नखाएवढे संवेदक स्वस्त झाले ते मुख्यतः मोबाइल फोनमुळे. फोन आडवा केला की पडद्यावरचे चित्र वळते, ते याच जातीच्या संवेदकामुळे.

शेपटीवर उभ्या राहणाऱ्या यंत्रात गणिताची एक गंमतही दडलेली आहे. विमानाची दिशा साधारणपणे तीन कोनांनी सांगतात: नाक कोणत्या दिशेला आहे, ते किती वर आहे आणि यंत्र किती कलंडले आहे. नाक बरोबर आकाशाकडे झाले की यांपैकी दोन कोनांतला फरकच नाहीसा होतो. उत्तर ध्रुवावर उभ्या असलेल्या माणसाचे रेखावृत्त कोणते, असे विचारण्यासारखेच हे आहे. तिथे सगळी रेखावृत्ते एकत्र येतात, त्यामुळे प्रश्नालाच अर्थ उरत नाही. म्हणून अशा यंत्रांच्या संगणकात तीन कोनांऐवजी चार संख्यांची एक वेगळी पद्धत वापरतात. ती विल्यम हॅमिल्टन या आयरिश गणितज्ञाने १८४३ मध्ये शोधली, तेव्हा विमानाचा मागमूसही नव्हता.

आणखी एक अडचण वाऱ्याची. पंखांमुळे दूर जाता येते हे खरे, पण जागी थांबताना तेच पंख पतंगासारखे वारा पकडतात. साध्या ड्रोनला न जुमानणारा झोत संकरित ड्रोनला उतरताना ढकलून देऊ शकतो.

कॅमेऱ्याच्या बाजूने पाहता

कॅमेऱ्याला वेग सोसतो का? समजा, ड्रोन सेकंदाला १६ मीटर वेगाने जात आहे आणि छायाचित्राचा एक ठिपका जमिनीवरील २ सेंटीमीटर भाग दाखवतो. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा हजारावा भाग उघडी राहिली तर तेवढ्यात ड्रोन १.६ सेंटीमीटर सरकतो. चित्र स्पष्ट येते. ढगाळ हवेत झडप सेकंदाचा शंभरावा भाग उघडी ठेवावी लागली तर ड्रोन १६ सेंटीमीटर सरकेल आणि रेषा आठ ठिपक्यांइतकी पुसट होईल. अशा वेळी थांबून चित्र घेणेच बरे.

नकाशा बनवताना एकमेकांवर बऱ्याच प्रमाणात चढणारी शेकडो छायाचित्रे घेतात. एकच घर वेगवेगळ्या जागांवरून टिपले गेले की त्याची उंचीही काढता येते. आपले दोन डोळे खोलीचा अंदाज घेतात, त्याच तत्त्वावर. चित्राची रुंदी जमिनीवर १२० मीटर धरली आणि शेजारच्या पट्ट्यांनी ७० टक्के भाग पुन्हा टिपायचा ठरवला, तर प्रत्येक फेरीत ३६ मीटर रुंदीचा नवा पट्टा मिळतो. सेकंदाला ८ मीटर वेगाने वीस मिनिटे काम करणारा साधा ड्रोन एका बॅटरीत सुमारे ३५ हेक्टर टिपेल. सेकंदाला १६ मीटर वेगाने तासभर उडणारा संकरित ड्रोन सुमारे २०० हेक्टर टिपेल. वळणांत जाणारा वेळ आपण यात धरलेला नाही.

गावठाणाचा नकाशा

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय? शेतजमिनीचा सातबारा असतो, पण गावठाणातील असंख्य घरांना मालकी दाखवणारा स्वतंत्र कागद नव्हता. कागद नाही म्हणून तारणावर कर्ज नाही, आणि हद्दीचे भांडण पिढ्यान्‌पिढ्या मिटत नाही. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सोनोरी या गावी ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजणीचा पथदर्शी प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने 'स्वामित्व' योजना सुरू केली. तिच्यात भारतीय सर्वेक्षण विभाग ड्रोनने गावांची छायाचित्रे घेतो आणि त्यांवरून मिळकतींचे नकाशे तयार होतात.

या कामात ड्रोन उडण्याआधीची पायरी फार महत्त्वाची आहे. गावकऱ्यांच्या समक्ष प्रत्येक मिळकतीची हद्द चुन्याच्या रेषेने आखली जाते. ड्रोन ही रेषा टिपतो. ती कोणाची आणि ती तिथेच का, हे त्याला कळत नाही. वरून घेतलेल्या चित्रात भिंत दिसत नाही, दिसते ते छप्पर. वळचण जिथे संपते तिथे भिंत आहे असे कोणी धरले, तर दोन घरांमधली बोळ नकाशावर नाहीशी होऊ शकते. झाडाखाली गेलेले कुंपणही दिसत नाही. म्हणून नकाशावर हरकती मागवणे आणि जागेवर जाऊन पडताळणे हे कॅमेरा कितीही चांगला असला तरी टाळता येत नाही. विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगावे.

तसेच प्रत्येक कामाला संकरित ड्रोन लागतो असेही नाही. काही एकरांच्या गावठाणाला साधा चार पंख्यांचा ड्रोन पुरतो आणि तो स्वस्तही पडतो. नदीचा लांबलचक काठ, घाटातून जाणारी विजेची वाहिनी, मोठे धरणक्षेत्र अशा ठिकाणी मात्र संकरित ड्रोनचा उपयोग होतो. सह्याद्रीच्या उतारावर विमानासाठी सपाट जागा मिळत नाही आणि साध्या ड्रोनची बॅटरी दरी ओलांडून परत येईपर्यंत टिकेलच असे नाही.

वर्गात करण्याजोगे

या विषयासाठी खरा ड्रोन आणण्याची गरज नाही. शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ड्रोनची नोंदणी, त्याचे वजन आणि उड्डाणाची जागा यांबाबत बंधने आहेत. खालील गोष्टी साध्या साहित्यात होतात.

१. एकाच आकाराच्या कागदाचे एक भिंगरी-हेलिकॉप्टर आणि एक विमान बनवावे. दोन्ही एकाच उंचीवरून सोडून जमिनीवर यायला लागलेला वेळ आणि कापलेले आडवे अंतर मोजावे. प्रत्येकी दहा वेळा मोजून सरासरी काढावी.

२. खेळण्यातील मोटर आणि पंखा एका उंच डब्यावर घट्ट बसवून तो डबा स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ठेवावा. हवा वरच्या दिशेने जाईल असा पंखा जोडावा. पंखा सुरू केल्यावर वजनात जेवढी वाढ दिसेल, तेवढा त्याचा रेटा. मल्टिमीटरने व्होल्ट आणि अँपिअर मोजून शक्ती काढावी. एक, दोन आणि तीन सेल लावून नोंदी घ्याव्यात. रेटा दुप्पट करायला सिद्धान्ताप्रमाणे शक्ती दुप्पट नव्हे, सुमारे २.८ पट लागते. मोटरची कार्यक्षमता बदलत असल्याने आपले आकडे थोडे वेगळे येतील. ते का, यावर चर्चा घडवावी.

३. वरिष्ठ विद्यार्थ्यांसाठी: लेखातील ड्रोनचे वजन तेच ठेवून पंख्यांचा व्यास दुप्पट केला, तर जागी थांबायला किती वॅट लागतील? आणि एका मोहिमेत दहा मिनिटे थांबून बाकी सर्व वेळ पंखांवर उडायचे असेल, तर ८० वॅट-तासांत एकूण किती अंतर कापता येईल?

तिसऱ्या प्रश्नातील पहिल्या भागाचे उत्तर सुमारे ५३ वॅट येते, अर्थात मोटरमधील नुकसान न धरता. दुसऱ्या भागात आधी थांबण्याची ऊर्जा वजा करावी. केवळ दहा मिनिटे थांबण्यात बॅटरीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग खर्च होतो. संकरित ड्रोन वापरणारा माणूस थांबण्याची मिनिटे जपून का वापरतो, हे विद्यार्थ्यांना या एका आकड्यावरून कळेल.